नावाआधीची रेघ

आमच्या नात्यागोत्यात माझ्या पोटापाण्याच्या उद्योगाविषयी एकच वाक्य प्रचलित आहे : "तो कॉम्प्युटरमध्ये असतो." उंदीर कणगीत असावा तसा मी त्या पेटीत असतो आणि सणासुदीला तेवढा बाहेर येतो, अशी काहीशी समजूत यामागे असावी. बाहेर आलो की माझ्यापुढे बिघडलेल्या वस्तू मांडल्या जातात. मुरबाडची आत्या मिक्सर काढते, शहापूरचे मेव्हणे इन्व्हर्टरचे झाकण उघडून ठेवतात, आणि एका लग्नात तर नवऱ्यामुलीच्या मामांनी भर पंगतीत कानातले श्रवणयंत्र काढून माझ्या द्रोणाशेजारी ठेवले होते. "जरा बघा हो, शिट्टी वाजते." मला यातले काहीही येत नाही. आमच्या घरातला उडालेला फ्यूजसुद्धा सौ.च बसवतात, आणि मी बॅटरी धरतो.

मी करतो ते काम सांगायला सोपे आणि ऐकायला कंटाळवाणे आहे. तुम्ही दुकानात कार्ड पुढे करता, दुकानदार ते यंत्रात घालतो, तुम्ही चार आकडे दाबता आणि कागदाची चिठ्ठी बाहेर येते. या मधल्या चार-पाच सेकंदांत यंत्र दुकानदाराच्या बँकेला विचारते, ती बँक मधल्या एका संस्थेमार्फत तुमच्या बँकेला विचारते, तुमची बँक खाते पाहून हो किंवा नाही म्हणते, आणि ते उत्तर आल्या वाटेने परत येते. माझा संबंध या वाटेवरच्या एकाच प्रसंगाशी. निरोप गेला, पण उत्तर आलेच नाही, तर काय करायचे? तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले असतील, नसतीलही. यंत्राला कळायला मार्ग नाही. अशा वेळी त्याने ठराविक सेकंद वाट पाहायची आणि मग उलटा निरोप धाडायचा : 'झाले असेल ते रद्द समजा.' हा उलटा निरोप नीट पोचवणारे प्रोग्रॅम मी गेली वीसहून अधिक वर्षे लिहीत आलो आहे. आमच्या धंद्यात अर्धवट राहिलेला व्यवहार म्हणजे रोग. तो एक तर पुरा झाला पाहिजे, नाहीतर पुसला गेला पाहिजे. हे इतक्या तपशिलाने सांगतो याला कारण आहे. पुढे जे घडले ते या सवयीपायीच घडले.

राहायला मी आसनगावला. मूळचे आम्ही मुरबाडचे. पण मुरबाडला रेल्वे नाही आणि नोकरी ठाण्यापलीकडे. तेव्हा शहापूर तालुक्यातल्या या स्टेशनाच्या आधाराने संसार थाटला. सकाळची लोकल, रात्रीची लोकल, आणि रविवारी खिडकीतून दिसणारा माहुलीचा किल्ला. मुंबईचे पाहुणे आले की हटकून विचारतात, "इथं पाण्याचं कसं आहे?" आता येण्यापूर्वी ते ज्या पाण्याने आंघोळ करून निघालेले असतात, ते तानसा, वैतरणा आणि भातसा या आमच्याच मुलखातल्या तलावांचे. तानसाचा बंधारा १८९२ सालचा. एवढी वर्षे पाणी इथून मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते, आणि वैशाखात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे असतात. असो. तो हिशेब या लेखात मावणारा नाही.

माणसाला एखादा छंद असावा म्हणतात. मला आकड्यांचा आहे. म्हणजे आठवडाभर आकड्यांत बसून कंटाळा आला की मी त्याहून जुने आकडे पाहायला जातो. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागले की टोकावड्यापुढे वैशाखरे लागते. तिथून जवळच मोठा रस्ता सोडायचा आणि जंगलातली पायवाट धरायची. दोन-तीन तास घाम गाळला की नाणेघाट. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नर-पैठणकडे न्यायची ही सातवाहनांच्या काळची वाट. घाटाच्या तोंडाशी एक गुहा आहे, आणि तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. एके ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे, दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी. हे आकडे अक्षरांत नव्हे, अंकांत लिहिलेले आहेत, आणि ते अंक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात उलगडून दाखवले. त्या अंकांत शून्य नाही. दहाला एक खूण, शंभराला दुसरी, हजाराला तिसरी. हजाराची तर हुबेहूब इंग्रजी 'टी'सारखी. एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा.

कॉलेजात असताना मित्रांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकीचे दऱ्या पाहत होते आणि मी भिंतीला नाक लावून रेघा मोजत होतो. तेव्हापासून दर वर्षी पाऊस ओसरला की एकदा तरी जातो. त्या गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही कोरलेल्या होत्या. आता वर नावे आणि खाली कुठे कुठे पावले तेवढी शिल्लक आहेत. माणसे झिजून गेली, पण दक्षिणेचा हिशेब पुष्कळसा शाबूत आहे. आमच्या अण्णांना हे फार पटायचे. ते किराणा दुकानदार होते.

अण्णांचे दुकान मुरबाडच्या बाजारात, आजोबांपासूनचे. मीठ, मिरची, गूळ, चहापूड, सुकट, पूर्वी घासलेट. गिऱ्हाईक आसपासच्या गावांतले आणि पाड्यांवरचे. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर लाल कापडाच्या नव्या वह्या मांडायच्या, पहिल्या पानावर 'श्री' काढायचा, लाह्या-बत्तासे ठेवायचे आणि अण्णांनी वहीला हळदकुंकू लावून नमस्कार करायचा. लक्ष्मीच्या तसबिरीपेक्षा वहीपुढे ते जरा जास्त वेळ वाकत, असे मला लहानपणी वाटे. आजोबांच्या वह्या मोडीत होत्या, अण्णांच्या बाळबोधीत. अण्णांच्या वहीत गिऱ्हाइकांची नुसती नावे नसत. 'उंच बाई', 'बैलवाला', 'पावा वाजवणारा', 'टोपी हरवलेला' अशा खुणा असत. त्या खुणेवरून अण्णांना माणूस दिसे, मग आकडा.

२०१६ सालच्या ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि १ डिसेंबरला आमच्या मुरबाड तालुक्यातले धसई हे महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आणि बँक ऑफ बडोदा यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता, आणि घोषणेला तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आली : धसईत वडापावसुद्धा कार्डावर मिळतो! माझ्या धंद्याचे नाव मुरबाडच्या बाजारात निघण्याचा हा पहिलाच प्रसंग. मी कॉम्प्युटरमध्ये असून नेमके काय करतो हे आता दाखवता येईल, म्हणून पुढल्याच रविवारी मी अण्णांना धसईला घेऊन गेलो.

वडापाव खाल्ला. मी ऐटीत कार्ड काढले. दुकानदाराने यंत्र हातात घेतले, पत्र्याखालून बाहेर आला आणि सूर्याला अर्घ्य द्यावे तसे ते दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिला. "रेंज इथं येते," तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला चिठ्ठी बाहेर आली. मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन पुरी वाचली आणि विचारले,

"ह्याच्यात पैसे नसले तर?"

"तर यंत्र नाही म्हणतं."

"लगेच?"

"चार-पाच सेकंदांत."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग भाद्रपदात काय करायचं?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवे. आमच्याकडे भात कापणीला येते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. आदल्या वर्षीचे धान्य आषाढापर्यंत पुरले तर पुरले. श्रावण-भाद्रपदात लावणी आटोपलेली, मजुरी नाही, कणगी रिकामी. हे दोन-तीन महिने उधारीवर निघतात. अण्णांचे निम्मे गिऱ्हाईक या दिवसांत वहीवर जगे आणि खळे झाले की फेडे. कुणी रोख, कुणी भात घालून, कुणी चार दिवस दुकानाची कौले चाळून देऊन. अण्णांच्या वहीत पुरा झालेला व्यवहार क्वचितच सापडे. एक खाते मिटले की त्याच संध्याकाळी पुन्हा उघडे. मी त्यांच्या प्रश्नाला काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही. बहुधा 'हळूहळू सुधारणा होतील' असले काही असेल. पुढे दोन वर्षांनी धसईला गेलो, तेव्हा त्याच दुकानात मी नोटा मोजून दिल्या आणि दुकानदाराने त्या गल्ल्यात टाकल्या. यंत्राची आठवण आम्हा दोघांपैकी कुणीच काढली नाही.

२०१८ च्या श्रावणात अण्णा गेले. दुकान चालवणारे कुणी नव्हते. माल उधारीवर आणलेला तो घाऊक व्यापाऱ्यांना परत केला, तराजू एका शेजाऱ्याला दिला, आणि शेवटी उरली वही. १४३ खाती उघडी. आई म्हणाली, "राहू दे. ज्यांना द्यायचं ते देतील." पण मला राहू देता येईना. माझे उभे आयुष्य उघडी खाती बंद करण्यात गेलेले. मनात असेही होते की अण्णांची वही आपण नीट लावली तर त्यांना आवडेल. त्या वर्षी घरात सण नव्हता, वहीपूजन नव्हते. हेच आपले वहीपूजन, असे म्हणून मी भाद्रपद-आश्विनातले सगळे रविवार त्या वहीवर बसलो.

आकडे वाचायला अडचण नव्हती. बेरजा अण्णांच्या पक्क्या. एक गोष्ट मात्र वेगळी दिसली. अकरा नावांच्या आधी एक छोटी आडवी रेघ होती. बाकी १३२ नावांना काही नाही. मी सौ.ना बोलावून दाखवले. "हे बघ, अण्णा नाणेघाटी लिपीत लिहायचे. एक आडवी रेघ म्हणजे एक. ही त्यांची एक नंबरची गिऱ्हाइकं!" आम्ही दोघेही हसलो. मग मी कामाला लागलो. आता, नावांची यादी यंत्रात भरताना त्यातली टिंबे, रेघा, जास्तीच्या मोकळ्या जागा असला कचरा काढून टाकणारी एक ओळ आमच्यात कुणीही प्रोग्रॅममध्ये घालतोच. हाताला ती सवयच असते. मीही घातली. रेघा गेल्या, यादी स्वच्छ झाली.

आईच्या डायरीत ६२ जणांचे टेलिफोन नंबर होते. धनत्रयोदशीला, ५ नोव्हेंबरला, मी त्या ६२ जणांना एकाच वेळी निरोप धाडला : 'आपल्या खात्यावर अमुक इतके रुपये बाकी आहेत. कृपया लवकरात लवकर भरावेत. शुभ दीपावली.' ते शेवटचे दोन शब्द मी स्वतः विचार करून घातले होते, हे आज आठवले की कानशिले तापतात.

पाडव्याला आम्ही मुरबाडला आईकडे होतो. सकाळी दारात आकाशकंदील नाही, रांगोळी नाही. शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या फराळाचे डबे तसेच झाकलेले. आठचा सुमार असेल. एक म्हातारेबाबा पायरीशी येऊन उभे राहिले. धुतलेले धोतर, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. वैशाखऱ्याकडून पहिल्या एस. टी.ने आले होते. बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू.

"वयनी, हिशेबाला आलो," ते आईला म्हणाले, आणि पिशवीतून रुमालाची गाठ काढून त्यांनी ती ओट्यावर सोडली. "चार हजार येकशे ऐंशी. पोरानं मोबाइलात वाचून दावलं. मोजून घ्या."

मला बरे वाटले. खरोखरच बरे वाटले, ते लपवण्यात अर्थ नाही. मी आत जाऊन यादी आणली, नाव शोधले. आकडा बरोबर ४,१८० होता. मी आईला म्हटले, "बघ, माणसं देतात. नुसतं कळवायचा अवकाश असतो." आईने त्या नोटांकडे पाहिले, म्हाताऱ्याकडे पाहिले, आणि विचारले, "बाबा, एवढे पैसे कुठून आणलेत?"

"खल्यावरचं भात इकलं. तीन पोती."

"अहो, पण का?"

"मालाचं हाय ना. माल तं नेला व्हता मी. शेट व्हते तवा बोली व्हती. आता शेट नाय, तं बोली कोन पालनार? जे लिवलंय ते द्याया पायजे."

आई काही न बोलता उठली आणि माझी यादी बाजूला सारून तिने कपाटातली लाल वही काढली. पान उघडून माझ्यापुढे धरले. "ही रेघ बघितलीस का?"

"बघितली. मला वाटलं..." मला काय वाटले होते ते त्या वेळी सांगण्याजोगे नव्हते.

"नावाआधी रेघ नसली तर आपलं त्याच्याकडे. रेघ असली तर त्याचं आपल्याकडे. तुझ्या आजोबांपासूनची रीत आहे ही. दुकानदार गिऱ्हाइकाकडून उसने घेतो हे वहीत धडधडीत लिहिलं, आणि कुणी डोकावून वाचलं, तर दुकान चालेल का?"

वजाबाकीचे चिन्ह, दुसरे काय! जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशी ओळखावे असे ते चिन्ह. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीची रेघ मला वाचता येत होती, आणि बापाची मी कचरा म्हणून काढून टाकली होती.

मग आईने सांगितले ते असे. १९९७ सालच्या जानेवारीत माझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सत्राची फी भरायची होती आणि घरात पैसे नव्हते. त्या साली उधारी फार थकली होती. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते; आमच्या बाजूला बैलांचा तो सर्वांत मोठा बाजार. या बाबांनी तिथे आपली बैलजोडी विकली होती, तरणी जोडी पुढे बघू म्हणून. परतताना मीठ-मिरची घ्यायला दुकानात आले, अण्णांचा चेहरा पाहिला, कारण विचारले आणि कनवटीचे ७,००० रुपये गल्ल्यावर ठेवले. कागद नाही, साक्षीदार नाही. "रोख परत नको. लागंल तसा माल न्हेईन," एवढीच बोली. त्या वर्षीची नांगरणी त्यांनी दुसऱ्याचे बैल मागून केली. पुढली एकवीस वर्षे ते लागेल तसा माल नेत राहिले आणि अण्णा रेघेखाली लिहीत राहिले. ४,१८० ही त्यांची बाकी नव्हती. आम्ही फेडलेली रक्कम होती. २,८२० अजून आमच्याकडेच निघत होते.

मी त्यांच्या पाया पडलो. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला अशा वेळी जे सुचते तेच सुचले. पाया पडून झाल्यावर मी व्याजाचा विषय काढला. आठ टक्के दराने पैसे नऊ वर्षांत दुप्पट होतात, तेव्हा एकवीस वर्षांत... "मना सावकार समाजतोस?" म्हातारेबाबा उसळलेच. त्या सकाळी त्यांचा आवाज चढला तो तेवढ्यापुरता. आपले ४,१८० त्यांनी परत घेतले, तेही आईने नातवाच्या खिशात कोंबले म्हणून. उरलेले रोख घ्यायला साफ नकार. "मालात घेयाची बोली हाय."

"पण बाबा, दुकान बंद झालं."

"तं तू आन."

नोटाबंदीला त्या दिवशी बरोबर दोन वर्षे होत होती. रात्री मी ६१ जणांना दुसरा निरोप धाडला : 'आधीचा निरोप रद्द समजावा.' हे काम मात्र मला येते.

रेघेच्या उरलेल्या दहा जणांना भेटणे हा मग पुढल्या वर्षभराचा उद्योग झाला. नाणेघाट त्या साली राहिलाच. काहींचे व्यवहार तीन मिनिटांत मिटले. एकाचे आमच्याकडे ३५ रुपये निघत होते, तो म्हणाला, "एवढ्यासाठी आलात? च्या घ्या," आणि त्याने पाजलेला चहा-फराळ पस्तिसाच्या वर गेला. किन्हवलीकडच्या एक भाजीवाल्या मावशी अण्णा गेल्याचे ऐकून ओट्यावर बसल्या त्या उठेनात. पैसे कसले हे त्यांना आठवतच नव्हते, आणि आमच्या वहीत मात्र १,२०० होते. एक जण वारलेले. त्यांच्या मुलाने काही न विचारता पैसे घेतले. दोन कुटुंबे वीटभट्टीवर गेलेली, दिवाळीनंतर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पाड्यावर तीन खेपा घातल्यावर त्यांतले एक सापडले. दुसरे अजून सापडलेले नाही. ते खाते उघडे आहे.

आणि वैशाखऱ्याचे. महिन्या-दोन महिन्यांनी मी आसनगावच्या बाजारातून चहापूड, गूळ, कधी तेलाची पिशवी घेऊन शहापूर-मुरबाडच्या रस्त्याने तिकडे जातो. म्हातारेबाबा फार घेतच नाहीत. वर्षाकाठी चार-पाचशेचा माल, वर एक पैचा नाही. साखर डॉक्टरांनी बंद केल्यापासून ती ओळही गेली. नातू आता मोठा झाला आहे. पावसाळ्यात माळशेजला धबधबे पाहायला मोटारी लोटतात, तेव्हा तो रस्त्याकडेला मक्याची कणसे भाजून विकतो. शेगडीजवळ काठीला स्कॅनरचा कागद बांधलेला असतो, आणि पैसे आले की तसे बोलून दाखवणारा तो लहान डबा दगडावर ठेवलेला असतो. मागे एकदा डबा बोलेनासा झाला. "काका, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात ना?" मी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. आवाजाचे बटण खाली गेले होते, ते वर केले. आयुष्यात मी दुरुस्त केलेली ही पहिली वस्तू. तिथून माझा भाव फार वाढला आहे.

गेल्या दसऱ्यानंतर गेलो तेव्हा खात्यावर ४२० उरले होते. मी अर्धा किलो चहापूड नेली होती. खाटेवर बसून वही उघडली, तारीख घातली, माल लिहिला, आकडा लिहिला. म्हातारेबाबांनी पुडा हातात उलटसुलट केला आणि नातवाला दिला.

"किती छापलंय बघ."

"दोनशे साठ."

"आन् यानं किती लिवलंय?"

नातवाने माझ्या खांद्यावरून वहीत डोकावले. मी पान झाकायच्या आतच तो म्हणाला, "एकशे दहा."

मी खाली पाहत राहिलो. ते रागावतील असे वाटले. पण म्हातारेबाबा रागावले नाहीत. तंबाखूची डबी काढत ते म्हणाले, "तुजा बापुसबी असाच लिवायचा. मना वाचता येत नाय, पन बाजारचा भाव ठाव असतो. इतकी वर्सं गूळ काय त्या भावानं मिलतो व्हय?" मग त्यांनी चुना मळला, तोंडात टाकला आणि बराच वेळाने विचारले, "रेघ काढलीस ना?"

"आहे, बाबा. नावाआधी आहे."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि त्यांनी नातवाला चहा ठेवायला सांगितले.